फ्रेझर फरच्या मळ्यात एक वर्ष

आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांच्या तारखांवर आमच्या घरातली लग्नेसुद्धा ठरतात. अशा घरातून कृषी पदवी घेऊन मी मार्च 2023 मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ॲश काउंटीतल्या नाताळच्या झाडांच्या एका मळ्यावर गेलो, तेव्हा छाटणी आपल्याला येते याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. पुढच्या 12 महिन्यांत मला सर्वाधिक वेळ लागला तो छाटणीच नव्याने शिकायला.

नाताळच्या झाडांच्या उत्पादनात ऑरेगॉननंतर नॉर्थ कॅरोलायनाचा क्रमांक लागतो, आणि इथे जवळजवळ सगळी लागवड फ्रेझर फर या एकाच सूचिपर्णी जातीची असते. स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन फ्रेझर यांचे नाव मिळालेले हे झाड मूळचे दक्षिण ॲपलाशियन पर्वतातल्या उंच, थंड माथ्यांवरचे. तोडल्यानंतरही पाणी मिळत राहिले तर ते कित्येक आठवडे पाने धरून ठेवते. घरात ठेवण्यासाठी लोक ते पसंत करतात ते यामुळेच.

एप्रिलमध्ये लागवड सुरू झाली. मालकांनी माझ्या हातात वीतभर उंचीचे एक रोप दिले आणि ते पाच वर्षांचे असल्याचे सांगितले, तेव्हा माझा आधी विश्वासच बसला नाही. बी वाफ्यात रुजवल्यावर दोन-तीन वर्षे तिथे आणि नंतर दुसऱ्या वाफ्यात आणखी दोन वर्षे वाढवूनच रोप शेतात आणतात. पाच बाय पाच फुटांवर लावले तर एकरी सुमारे 1,700 रोपे बसतात. त्यानंतर सहा-सात फुटांचे झाड व्हायला आणखी सात ते दहा वर्षे जातात. मुळे खड्ड्यात वर वळू द्यायची नाहीत आणि वाऱ्या-उन्हात क्षणभरही उघडी ठेवायची नाहीत, एवढ्या दोन गोष्टींसाठी मुकादम दिवसभर आमच्या पाठीशी उभे असत. ते मेक्सिकोहून दर हंगामाला येणारे, वयाने माझ्या वडिलांएवढे. मी त्यांना आदराने सेन्योर म्हणत असे.

मेअखेरीस फांद्यांवर ताठ उभी असलेली कोवळी शंकूफळे हाताने खुडायची असतात. ती ठेवली तर झाडाची शक्ती त्यांच्यात जाते, आणि शरद ऋतूत त्यांचे खवले गळून फांदीवर नुसते काटक्यांसारखे दांडे उरतात. बोटांना लागलेला डिंक साबणाने निघत नाही. घरून नेलेले खोबरेल तेल त्या महिन्यात सगळ्या टोळीने संपवले.

जुलै उजाडला आणि ज्यासाठी मी स्वतःला तयार समजत होतो ते काम आले. नवी वाढ थांबल्यावरच छाटणी करतात, म्हणजे कापाखालचे डोळे (जिथून नवी फूट निघते ते कोंब) थंडीपूर्वी भरतात आणि पुढच्या वसंतात तिथून दाट फूट येते. आधी मधला शेंडा, कात्रीने, एखाद्या चांगल्या डोळ्याच्या जरा वर, साधारण 25 ते 35 सेंटीमीटर राखून. दोन शेंडे असतील तर एक काढायचा. मग हातभर लांबीच्या पात्याचा सुरा घेऊन झाडाभोवती फिरत, वरून खाली, अंगापासून दूर असे वार करायचे. पायाला जाड संरक्षक पट्टी बांधलेली असते आणि ती का बांधतात हे पहिल्याच तासाला कळते. जमिनीतल्या पिवळ्या गांधीलमाश्यांच्या पोळ्यांवर पाय पडला तर सुरा खाली ठेवून शक्य तितक्या लवकर लांब जायचे, ही दुसरी शिकवण.

माझी चूक पहिल्याच आठवड्यात झाली. द्राक्षाची काडी दोन डोळ्यांवर आखूड कापली तरी वेल जोमाने फुटते, हे हातात इतके मुरलेले होते, की एका पाच फुटी झाडाची बाजू मी आत जुन्या, पाने नसलेल्या लाकडापर्यंत नेली. मुकादमांनी आवाज चढवला नाही. त्यांनी माझा हात धरून त्या उघड्या लाकडावर ठेवला आणि मान हलवली. फरच्या जुन्या उघड्या लाकडातून सहसा पुन्हा फूट येत नाही. तिथले भगदाड शेजारच्या फांद्यांनी झाकले गेले तरच झाकले जाते, आणि त्यालाही वर्षे लागतात. त्या संध्याकाळी मी त्या झाडापाशी परत गेलो होतो. कोणीतरी सात वर्षे सांभाळलेले झाड माझ्या तीन वारांत बिघडले होते. त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंत प्रत्येक झाडाला सुरा लावण्याआधी मी एकदा त्याच्याभोवती नुसता फिरत असे. त्यामुळे मी टोळीत मागे पडत असे, पण मुकादमांनी मला घाई करायला कधी सांगितले नाही.

याच दिवसांत उतारावरच्या एका ओलसर कोपऱ्यात झाडे आधी पिवळी आणि मग तांबूस होत गेली. फायटोफ्थोरा या मूळकुजीवर उपाय नाही, आणि ती मातीत राहत असल्यामुळे त्या जागी पुन्हा फ्रेझर लावता येत नाही. जपानच्या मोमी फरच्या खुंटावर, म्हणजे मुळांसकट खालच्या भागावर, फ्रेझरचे कलम केले तर ते तग धरते, असे मालक म्हणाले, तेव्हा मी त्यांना आमच्याकडची डॉगरिज खुंटावरची द्राक्षकलमे समजावून सांगितली. एरवी मोजके बोलणारे ते गृहस्थ तासभर प्रश्न विचारत राहिले.

सप्टेंबरमध्ये काठीने उंची मोजून प्रतवारीप्रमाणे रंगीत फिती बांधल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला तोडणी सुरू झाली. बोटे गोठत असताना यंत्रकरवतीने बुंध्याशी कापायचे, झाड ओढत नेऊन दोऱ्याने आवळणाऱ्या यंत्रातून काढायचे आणि ट्रक भरायचा. महिनाभर फार झोप मिळाली नाही. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतर कुटुंबे स्वतः झाड निवडायला येऊ लागली. मी कापून दिलेल्या एका झाडाचे बी रुजले तेव्हा मी पाचवीत शिकत होतो, हा हिशेब एका लहान मुलीला सांगितला, तर ती ते झाड दोन्ही हातांनी धरून गाडीपर्यंत चालत गेली.

हिवाळ्यात मातीचे नमुने आणि सुऱ्यांना धार लावणे, एवढेच काम होते. मार्च 2024 मध्ये मी परतलो.

त्याच वर्षी 27 सप्टेंबरला हेलेन वादळाने त्या डोंगराळ भागाची दैना केली. आठवडाभर संपर्क नव्हता. मग मुकादमांचा निरोप आला, की खालचा रस्ता आणि त्याला लागून असलेल्या काही ओळी वाहून गेल्या. आम्ही लावलेली रोपे मात्र क्लोव्हरच्या गवतात जागच्या जागी उभी आहेत. त्यांची पहिली छाटणी 2026 च्या जुलैत आहे.