घाटातल्या पायांना सपाटी शिकवताना

साताऱ्यात पळणाऱ्यांची एक ठाम समजूत आहे : यवतेश्वरचा घाट जो पळत चढला, त्याला बाकीचे रस्ते किरकोळ. हिल हाफपुरती, म्हणजे २१ किलोमीटरच्या घाटातल्या शर्यतीपुरती, ती खरीच आहे. फुल मॅरेथॉनला ती कितपत कामाला येते, हे मी गेल्या पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत स्वतःच्या पायांवर तपासून बघितलं. त्याच्या या नोंदी. लक्ष्य होतं जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन, ४२.१९५ किलोमीटर, आयुष्यात पहिल्यांदा. वय त्रेचाळीस, वजन ५४ किलो, नोकरी बँकेत. म्हणजे पहाटेचा तास-दीड तास सोडला तर उरलेला दिवस खुर्चीतच.

जुलै-ऑगस्ट

या दोन महिन्यांत घाट सोडून कुठं गेले नाही. कासच्या बाजूनं धुकं उतरतं, चष्मा पुसत पळावं लागतं, पण ऊन नाही, त्यामुळे अंतर वाढवायला याच्याइतका चांगला काळ नाही. घाटात पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघण्यात अर्थ नसतो. मी श्वासावर पळत होते : चढावर दोन वाक्यं सलग बोलता येत नसतील तर चालायला लागायचं.

घाटाची खरी कमाई चढात नाही, उतारात आहे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच क्षणी त्याला आवळूनही धरावं लागतं. त्यातून तंतूंना बारीक इजा होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण तोच ताण पुन्हा पुन्हा दिला की स्नायू त्याला सरावतो आणि पुढच्या वेळी दुखणं निम्म्यावर येतं. ऑगस्टअखेर माझ्या मांड्या चांगल्या टणक झाल्या होत्या.

सप्टेंबर-ऑक्टोबर

मग संगम माहुलीवरून कोरेगाव रस्ता धरला, आणि पहिल्याच २४ किलोमीटरच्या सपाट लाँग रनला कमरेचा पुढचा भाग आणि नडग्या बोलायला लागल्या. घाटात कधी न दुखलेल्या जागा. कारण सरळ आहे. घाटात दर वळणाला चढ बदलतो आणि ओझं पोटरीवरून नितंबावर, तिथून मांडीवर सरकत राहतं; एकाला काम, तर दुसऱ्याला थोडी विश्रांती. सपाटीवर मात्र तोच कोन, तेच स्नायू, तेच पाऊल. आपल्यासारख्यांच्या वेगाला पूर्ण अंतरात पंचेचाळीस-पन्नास हजार पावलं पडतात आणि त्यातलं एकही दुसऱ्यापेक्षा वेगळं नसतं.

आठवड्याचं अंतर ३५ वरून हळूहळू ५५ किलोमीटरवर नेलं. दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी. सोबत आठवड्यातून दोनदा घरीच पोटऱ्यांचे उठाव आणि एका पायावरचे स्क्वॉट. यूट्यूबवरचे सत्रा व्यायाम मी बघितले आणि सोडून दिले. हे दोनच केले, पण चुकवले नाहीत.

वेगाबद्दल आमच्या ग्रुपमधल्या काकांशी रोज वाद. साठी ओलांडलेला माणूस, मुंबईची फुल अनेकदा केलेली, आणि लाँग रनला इतके सावकाश पळतात की दूधवाले सायकलीवरून हाका मारत पुढे जातात. ‘‘ताई, ते घड्याळ खिशात घाला की जरा,’’ हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यांचं म्हणणं मी गणित मांडून तपासलं. पळताना साधारण वजनाच्या दर किलोला, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे माझा खर्च २,२०० च्या पुढे. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा साठा माणसागणिक कमी-जास्त, पण ढोबळमानानं दीड ते दोन हजारांचा. उरलेलं चरबीतून यायला हवं. वेग जितका जास्त तितका साखरेचा वाटा जास्त आणि चरबीचा कमी. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे ‘वॉल’ येते, म्हणजे अंगातली ताकद अचानक संपते, ती या हिशेबातूनच. तेव्हापासून माझा इझी रन किलोमीटरला साडेसात मिनिटांचा झाला. घड्याळ मात्र मनगटावरच ठेवलं.

दिवाळी, दादर

दिवाळीत नणंदेकडे दादरला मुक्काम होता. भाऊबिजेच्या आदल्या पहाटे शिवाजी पार्कवरून वरळी सी फेसपर्यंत जाऊन परत आले, आणि या सगळ्या तयारीतला सर्वांत उपयोगी धडा तिथं मिळाला.

सातारा समुद्रसपाटीपासून जवळपास सातशे मीटर उंच. पावसाळा गेला की पहाटेची हवा कोरडी असते, घाम येतो आणि उडून जातो. घाम उडतो म्हणूनच अंग थंड होतं. मुंबईच्या हवेत तो उडतच नाही. अंगावरून नुसता निथळतो, बुटात साचतो आणि शरीर तापतच राहतं. त्याच साडेसातच्या पेसला हृदयाचे ठोके मिनिटाला दहा-बारा जास्त. पळण्याआधी आणि नंतर कपडे बदलून वजन केलं : तासाभरात एक किलोच्या वर घट. साताऱ्यात हाच आकडा निम्मा येतो. ही चाचणी प्रत्येकानं करावी, फुकट आहे. वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त पाणी गेलं की पळणं जड व्हायला लागतं; माझ्या बाबतीत ते साधारण एक किलो, म्हणजे मुंबईत एका तासातच.

पण म्हणून दिसेल त्या टेबलावर पाणी ढोसणंही धोक्याचं. नुसतं पाणी खूप प्यालं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि तासन्‌तास रस्त्यावर असणाऱ्या आपल्यासारख्या हळू पळणाऱ्यांना त्याची भीती वेगवान लोकांपेक्षा अधिक. मी ओआरएसवर आले. पाकीट एक लिटर पाण्याला असतं तर एकाच लिटरमध्ये कालवायचं. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून पिण्याची जी पद्धत आपल्याकडे दिसते, तिनं पोट बिघडतं.

नोव्हेंबरअखेर एका सपाट हाफमध्ये २:१२ वेळ आली. दुप्पट अंतराला वेळ २.०८ पट, या रीगलच्या सूत्रानं फुलचा अंदाज ४:३५. दादरची ती पहाट लक्षात ठेवून मी लक्ष्य ४:४५ ठरवलं. ग्रुपमध्ये काहींना हे भित्रेपणाचं वाटलं. वाटो.

डिसेंबर

कोरेगाव रस्त्यावर उसाचा हंगाम. पहाटे चारला एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि गाणी अशी की डोंगरापलीकडं ऐकू जावीत. सगळ्यांनी उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं बघत, डोक्याला दिवा लावून पळायचं असा नियम केला. सर्वांत लांब रन ३२ किलोमीटरचा. त्यापुढे जायचं नाही यावर ग्रुपमध्ये एकमत आहे. आमच्या वेगाला ३२ लाच चार तास होतात, त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर देतो कमी आणि सावरायला दिवस जास्त घेतो.

खाण्याचे प्रयोग याच महिन्यात. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. राजगिऱ्याची चिक्की चवीला उत्तम, पण धापा टाकताना तिचा भुगा घशात अडकतो. शेंगदाण्याच्या चिक्कीत तेल जास्त, पोटात दगडासारखी बसते. बिया काढलेला खजूर चालला. गुळाचा खडा गालात धरून पळणं सर्वांत स्वस्त, पण किती ग्रॅम गेले याचा हिशेब लागत नाही. शेवटी पाकिटातल्या एनर्जी जेलवरच आले : एकात २५ ग्रॅमच्या आसपास, दर ४० मिनिटांनी एक, बरोबर साधं पाणी. जेलवर ओआरएस प्यायलं की माझ्या पोटात गुरगुरतं, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर.

टेपर आणि संक्रांत

शेवटचे तीन आठवडे अंतर उतरवत नेलं, यालाच टेपर म्हणतात. याच काळात नसलेली दुखणी सुचतात. गुडघा, टाच, कानशील, सगळं दुखून झालं.

मुंबई मॅरेथॉनचं वेळापत्रक मराठी माणसाच्या सोयीचं आहे असं माझं मत. संक्रांत १४-१५ जानेवारीला, शर्यत त्याच आठवड्यात किंवा लगेच पुढे. कार्ब लोडिंगचं शास्त्र सांगतं की शेवटच्या दीड-दोन दिवसांत वजनाच्या दर किलोला ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं खा. माझ्यासाठी दिवसाला ४३० ते ५४०. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘मग गूळपोळ्या कशाला केल्यात मी?’’ गूळपोळी गुरुवारपर्यंत भरपूर खाल्ली. शुक्रवार-शनिवारी बंद, कारण तिळाचं तेल आणि वर तूप, तेही त्यांच्या हातचं. ते दोन दिवस मऊ भात, कमी डाळ, उकडलेला बटाटा, केळी, आणि शनिवारी संध्याकाळी साबुदाण्याची खीर. भाकरी आणि कोशिंबीर बंद. तंतुमय पदार्थ एरवी कितीही चांगले असले तरी रविवारी पहाटे पाचला ते नको असतात.

शनिवारी बीकेसीतल्या मॅरेथॉनच्या एक्स्पोतून बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणलं. पाय वाचवायचे असतील तर एक्स्पोत तासभराच्या वर फिरू नका.

रविवार

नंदाव्यांनी पहाटे सीएसएमटीजवळ सोडलं. सुरुवातीच्या रांगेत उभं असतानाच दंड ओले, तेव्हाच ठरवलं की पहिले दहा किलोमीटर किलोमीटरला ६:५५ नं जायचं. मरीन ड्राइव्ह अंधारात, दिव्यांची माळ, लोक एकमेकांना ओलांडत सुटलेले. जाताना पेडर रोडचा चढ कळलासुद्धा नाही. पुढे हाजी अली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर याच रस्त्यांवर भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा पहिली आली, मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळली आणि २०१६ ला रिओत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाली. आम्हा सातारकरांना हे वाटेत एकदा तरी आठवून घ्यावंच लागतं.

सी लिंकवर एरवी पायी जायला बंदी, त्यामुळे तिथं सगळे फोन काढतात. मी काढला नाही. तिथं बघ्यांची गर्दी नसते, घोषणा नसतात, फक्त पावलं आणि श्वास, आणि माझ्या वेगाला सूर्य नेमका तिथंच उगवतो. रस्ता अगदी किंचित चढता-उतरता. वांद्र्याला उतरून माहीमकडे वळताना निम्मं अंतर झालं, २:२२. ठरवल्यापेक्षा सेकंदानंही घाई नाही.

माहीम ते शिवाजी पार्क हा सगळ्या मार्गाचा जीव. लोक घरातून स्टुलं आणून बसलेले, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, मिठाच्या वाट्या, बिस्किटं, कुणी ढोल घेऊन. नणंद मीठ लावलेला बटाटा घेऊन उभी होती, ‘‘वहिनी, हसू नका, खा!’’ म्हणून ओरडली. संत्रं मात्र मी घेतलं नाही. डिसेंबरात न खाल्लेलं काहीही त्या दिवशी खायचं नाही, हे पक्कं होतं. सिद्धिविनायकाला हात जोडले, पळतच.

वरळीला ऊन आलं. ठोके वाढले, पेस सात मिनिटांवर गेला, जाऊ दिला. डोक्यावर पाणी ओतणं आणि मानेवर ओला स्पंज याचा फायदा पिण्याइतकाच झाला.

मग परतीचा पेडर रोड, पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढे, ज्याच्या गोष्टी वर्षभर ऐकल्या होत्या. आजूबाजूचे बहुतेक जण चालत होते. मी यवतेश्वरच्या सवयीनं पावलं अर्धी केली, नजर दहा फुटांवर ठेवली आणि पळत वर गेले. वरच्या इमारतींमधले लोक नावानं हाका मारत होते, बिबवर वाचून. घाटाची समजूत इथं शंभर टक्के खरी ठरली. उतारही मांड्यांनी निमूट घेतला.

आणि चौपाटीनंतर मरीन ड्राइव्ह लागला. सपाट, रुंद, एकसारखा, समोर नरिमन पॉइंटच्या इमारती आणि त्या जवळच येत नाहीत. कमरेच्या पुढच्या त्याच जागा, ज्या सप्टेंबरात कोरेगाव रस्त्यावर बोलल्या होत्या, इथं ओरडायला लागल्या. दोनदा चालले, प्रत्येकी शंभर पावलं मोजून, मग पुन्हा पळणं. माझ्या आयुष्यातले सर्वांत लांब तीन किलोमीटर या चढ नसलेल्या रस्त्यावर गेले. फोर्टात वळल्यावर सावली मिळाली आणि गर्दीनं उरलेलं ओढून नेलं. वेळ ४:५२. दुसरा भाग २:३०, म्हणजे पहिल्यापेक्षा आठच मिनिटं जास्त, त्यातली निम्मी त्या समुद्रकाठची. वेळेपेक्षा या आठ मिनिटांचं मला अधिक समाधान आहे.

नंतर

मांड्या दोन दिवसांत मोकळ्या झाल्या. पोटऱ्या आणि कंबर आठवडाभर धरून होती. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. बूट अर्धा नंबर मोठा घेतला होता तरीही, बहुधा ओल्या मोज्यांमुळे. पहिला आठवडा फक्त चालणं, दुसऱ्यात अर्ध्या तासाचं हलकं पळणं.

पुढच्या हंगामासाठी बदल दोन. सप्टेंबरपासून महिन्यातला एक लाँग रन पूर्ण सपाट, आणि शर्यतीआधी दमट हवेत सलग दहा-बारा दिवस, कारण शरीर उष्णतेला सरावायला साधारण तेवढे लागतात. बँकेची रजा आणि माहेर दोन्ही जुळतं ते चिपळूणला. कुंभार्ली घाट उतरलं की हवी तशी हवा. चिपळूण-गुहागर रस्त्यावर पहाटे पळणारं कुणी असेल तर सांगा : कडेला पळण्याजोगी जागा किती, कुत्री कुठल्या टप्प्यात, आणि साडेपाचला उघडं दुकान कुठं मिळतं?