पगार कुणाच्या खिशातला?

रविवार, रात्र

चवथीला इंग्लंडमधल्या स्विंडन-साउथॉलहून आलेली माणसं परत निघाली की फोंडा-डिचोलीकडच्या घरांत एक प्रश्न मागे राहतो. तिकडे आपलीच कंपनी काढायची आणि तिच्याकडूनच आपल्याला कामाचा व्हिसा मिळवायचा, असं जमतं का? जमतं, कायद्यात बसतं. पण कंपनी काढायला किती लागतात हे सगळे विचारतात, आणि त्या कंपनीत मला पगार कोण देणार हे क्वचितच कुणी. घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

इंग्लंडपुरतं बोलायचं तर ‘सेल्फ-स्पॉन्सरशिप’ नावाचा व्हिसाच नाही. जाहिरातींतून तसं भासवतात. आहे तो नेहमीचा स्किल्ड वर्कर व्हिसा, फक्त मालक आणि नोकर एकच माणूस. सरकारी कारकून फाइल उघडतो तेव्हा त्याला ही दोन माणसं वेगवेगळी दिसावी लागतात. मालकाने धंदा उभा केला आहे, त्या धंद्याला एका माणसाची खरी गरज आहे, आणि ती जागा भरायला हा नोकर लायक आहे, असा तो क्रम.

कंपनी काढणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. गोव्यात बसून कंपनीज हाउसकडे, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या निबंधकाकडे, नोंदणी होते, संचालक तिथे राहणारा हवा अशी अट नाही. नोंदणीचा पत्ता मात्र तिथलाच आणि खरा लागतो, मार्च २०२४ पासून नुसती पोस्टपेटी चालत नाही. १८ नोव्हेंबर २०२५ पासून संचालकाची ओळख पडताळणीही सक्तीची झाली आहे.

अवघड आहे ते स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी माणसाला कामावर ठेवण्याचा कंपनीचा सरकारी परवाना. त्यासाठी ‘ऑथरायझिंग ऑफिसर’, म्हणजे लायसन्सची जबाबदारी घेणारा माणूस, लागतो आणि तो ब्रिटनमध्येच असावा लागतो. शिवाय ऑनलाइन यंत्रणा चालवणारा किमान एक ‘लेव्हल वन युजर’ तिथे कायम राहण्याचा हक्क असलेला हवा, हा नियम २०२४च्या अखेरीचा. म्हणजे साळगावच्या घरात बसून हे एकट्याने होत नाही. इथे गोंयकारांच्या हाताशी एक गोष्ट आहे. पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला, ३० जून २०२१च्या मुदतीपूर्वी अर्ज करून सेटल्ड स्टेटस (तिथे कायम राहण्याचा हक्क) मिळवलेला मावसभाऊ किंवा आत्येबहीण बऱ्याच घरांत असते. पण तिचं नुसतं नाव घालून भागत नाही. तिला कंपनीत संचालक किंवा कर्मचारी व्हावं लागतं, आणि तुमच्या हजेरीची, पगाराची, पत्ता बदलल्याची नोंद चुकली तर जबाब तिला द्यावा लागतो. ‘तू फक्त सही कर’ असं म्हणून नातेवाइकाला यात ओढू नये. नियमांची पानं तिच्यासमोर ठेवावीत, तिने वाचल्यावरच पुढे जावं.

लायसन्सच्या अर्जाबरोबर साधारणपणे किमान चार कागद लागतात. अठरा महिन्यांहून नव्या कंपनीला तिथल्या बँकेतलं कंपनीचं खातं दाखवावंच लागतं. बाकीच्यांत किमान ५० लाख पाउंडांचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी (कामावरच्या माणसाला इजा झाली तर मालकाच्या जबाबदारीचा) विमा, पगारावरच्या कराची म्हणजे पेईची नोंदणी, जागेचा भाडेकरार असे कागद येतात. ऑनलाइन अर्ज झाल्यावर कागद पाठवायला पाच कामाचे दिवस मिळतात. वेळ जातो तो बँकेत: सगळे मालक परदेशात, धंद्याची उलाढाल शून्य, अशा कंपनीला खातं द्यायला बँका कां-कूं करतात. म्हणून खातं आधी उघडून घ्यावं, अर्ज त्यानंतर भरावा.

अर्जात कंपनीची रचना दाखवणारा तक्ता मागतात. त्यात वरच्या चौकोनात तुमचं नाव, खालच्या चौकोनातही तुमचंच, आणि बाजूला कोरी जागा. असा तक्ता पाहून पुढचा प्रश्न ठरलेला: हे काम आज कोण करतंय, गिऱ्हाईक कोण, करार दाखवा. तपासणीला माणूस प्रत्यक्ष जागेवरही येतो.

आणखी एक अडसर, आणि गोव्याला तो फार लागला आहे. २२ जुलै २०२५ पासून या व्हिसासाठी काम साधारणपणे पदवीच्या पातळीचं हवं. शेफचं काम त्यात उरलं नाही. बोटीवर पंधरा वर्षं गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, काढलेल्या माणसाने लंडनला स्वतःचं हॉटेल काढून तिथला शेफ म्हणून व्हिसा मागायचा, हा बेत त्या दिवशी संपला. कुणी ‘पदाचं नाव बदलून बसवतो’ म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नयेत. कागदावर कामाचा कोड एक आणि प्रत्यक्ष काम दुसरं निघालं तर लायसन्स जातं, आणि पुढच्या अर्जांतही त्याची झळ लागते.

आता आकडे. पगार साधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पाउंड किंवा त्या कामाचा ठरलेला दर, जो जास्त असेल तो. त्यावर मालकाचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सामाजिक सुरक्षेची वर्गणी: ५,००० पाउंडांच्या वरच्या रकमेवर १५ टक्के, म्हणजे ५,५०५. यावर ‘एम्प्लॉयमेंट अलाउन्स’ नावाची सूट मिळेल असं कुणी सांगतं, पण ज्या कंपनीत संचालक हाच एकमेव पगारी माणूस आहे तिला ती मिळत नाही. छोट्या कंपनीचं लायसन्स ५७४, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (त्या नोकरासाठी कंपनीने काढायचा दाखला) ५२५ (दोन्ही एप्रिल २०२५चे दर), स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी माणूस ठेवल्याबद्दलचा सरकारी आकार, १६ डिसेंबर २०२५ पासून वर्षाला ४८०, तीन वर्षांचा १,४४० एकदम. पहिल्या वर्षी कंपनीच्या खात्यातून जवळपास ४९,७५० पाउंड जातात, आणि यात भाडं, विमा, हिशेबनीस धरलेले नाहीत. तुमच्या स्वतःच्या खिशातून व्हिसाचे ७६९ (हाही एप्रिल २०२५चा दर) आणि आरोग्य अधिभाराचे वर्षाला १,०३५, तीन वर्षांचे ३,१०५.

लायसन्स, सर्टिफिकेट आणि स्किल्स चार्ज हे तिन्ही खर्च नोकराकडून वसूल करायला बंदी आहे. मग कुणी म्हणतं, मी मालक म्हणून पैसे घालतो आणि नोकर म्हणून पगार घेतो. ही पळवाट बुजवण्यासाठीच एप्रिल २०२५ मध्ये पगार मोजण्याच्या नियमात भर घातली गेली. नोकराने कंपनीला दिलेले पैसे, त्यात त्याची गुंतवणूकही, पगारातून वजा धरली जाऊ शकते. वडिलोपार्जित भाट (माडांची बागायत) विकून आलेले पैसे कंपनीत टाकायचे आणि महिन्याला ३,४७५ पाउंड करून परत घ्यायचे, हा हिशेब म्हणूनच टिकत नाही. पगार गिऱ्हाइकाच्या पैशातून आलेला दिसला पाहिजे. दर महिन्याला पेईतून तो कर खात्याला कळवला जातो आणि व्हिसा खातं तेच आकडे पाहतं. एखाद्या महिन्यात ‘सध्या राहू दे’ म्हटलं तर ते लपत नाही.

सोमवार

आज भारताच्या बाजूचं, कारण चुका जास्त तिथेच होतात.

एक पाउंडाचा एक शेअर. कंपनी ऑनलाइन काढताना तो आपोआप तुमच्या नावावर येतो, सर्टिफिकेटची पीडीएफ मेलवर येते, आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, २०२२च्या नियमांनुसार ही परदेशातली थेट गुंतवणूक आहे, रक्कम एक पाउंड असली तरी. अधिकृत डीलर (परकीय चलनाचा परवाना असलेल्या) बँकेमार्फत फॉर्म एफसी भरायचा, रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यायचा, मगच पैसे पाठवायचे. पुढे खरी रक्कम पाठवायला गेलं की बँक आधीच्या शेअरचा क्रमांक विचारते. तो नसला की विलंब शुल्क, पत्रव्यवहार, आणि महिने जातात. म्हापशाच्या शाखेत बऱ्याचदा हा फॉर्म कुणी पाहिलेलाही नसतो. कंपनी काढण्याआधीच परकीय चलनाचं काम करणारी शाखा गाठावी.

दुसरी चूक तिथल्या हिशेबनिसाच्या भल्या सल्ल्यातून होते. तो म्हणतो, भांडवल एक पाउंड ठेवा, बाकी पैसे संचालकाचं कर्ज म्हणून घाला, काढायला सोपं. इंग्लंडच्या दृष्टीने बरोबर आहे. पण भारतात राहणाऱ्या व्यक्तीला आपल्या परदेशी कंपनीत भागभांडवलच घालता येतं, कर्ज नाही. त्यामुळे रक्कम शेअर म्हणूनच जायला हवी, आणि शेअर वाटल्यावर कंपनीज हाउसला एका महिन्यात कळवायला हवं.

मर्यादा एलआरएसची, म्हणजे व्यक्तीने परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. दहा लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ घ्यायचा कर, कापला जातो: पंधरा लाख पाठवले तर एक लाख रुपये. विवरणपत्र भरताना ते जुळतात, पण तोपर्यंत अडकून पडतात, म्हणून ती रक्कम आधीच बाजूला ठेवावी.

बुधवार

इतर देशांचं थोडक्यात.

अमेरिकेत १७ जानेवारी २०२५ पासून बहुसंख्य शेअर असलेल्या मालकाला स्वतःच्या कंपनीकडून एच-वन-बी हा कामाचा व्हिसा मागता येतो हे नियमातच स्पष्ट झालं. पहिली मंजुरी आणि पहिली वाढ मात्र अठरा-अठरा महिन्यांचीच. शिवाय सोडतीत नंबर लागावा लागतो, आणि २१ सप्टेंबर २०२५ पासून देशाबाहेरच्या माणसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची अट घालण्यात आली. गुंतवणूकदारांचा ई-टू व्हिसा भारतीयांना मिळत नाही, तसा करारच नाही. पोर्तुगालशी मात्र डिसेंबर २०२२च्या कायद्याने ती वाट उघडली, त्यामुळे आजोबांच्या जन्मदाखल्यावरून पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याची चर्चा गोव्यात या कारणासाठीही होते. एवढं समजून असावं की ते घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. एका व्हिसासाठी एवढा निर्णय घाईने करू नये असं मला मनापासून वाटतं.

जर्मनीत बहुमताचा मालक-संचालक सहसा नोकर धरला जात नाही, त्याला स्वयंरोजगाराचा परवाना मागावा लागतो. जीएमबीएचचं, म्हणजे तिथल्या मर्यादित कंपनीचं, भांडवल २५,००० युरो, त्यातले निम्मे नोंदणीलाच भरावे लागतात. जपानने बिझनेस मॅनेजर व्हिसासाठीचं भांडवल ऑक्टोबर २०२५ मध्ये ५० लाख येनवरून थेट तीन कोटींवर नेलं. कॅनडात स्वतःचाच धंदा चालवायला येणाऱ्या मालकांना असलेली सवलत १ एप्रिल २०२१ लाच बंद झाली.

पर्वरी-वेर्ण्याला ज्याची कंपनी तीनेक वर्षं नीट चालते आहे, त्याने इंग्लंडचा यूके एक्स्पान्शन वर्कर व्हिसा जरूर पाहावा. इथली कंपनी तिकडे शाखा काढते आणि वरिष्ठ माणसाला पाठवते. तिथला ऑथरायझिंग ऑफिसर म्हणून तोच जाऊ शकतो, मावसभावाला त्रास नाही. पगार ५२,५०० पाउंडांचा, एकूण मुदत दोन वर्षांची, आणि त्यातून कायम राहण्याचा हक्क मिळत नाही. पण पगारामागे गिऱ्हाईक आहे, आणि ते कागदावर दिसतं.

कंपनी बुडाली किंवा लायसन्स गेलं तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही एकदमच जातात. दुसरा स्पॉन्सर शोधायला साधारणपणे साठ दिवस मिळतात. परत आलेल्याने भारतातला हिशेबही मिटवायचा असतो. कंपनी बंद करून उरलेले पैसे नव्वद दिवसांत भारतात आणायचे, आल्यापासून तीस दिवसांत बँकेला कळवायचं. भारतात रहिवासी असताना दर ३१ डिसेंबरपर्यंत कंपनीचा वार्षिक अहवाल द्यायचा, आणि आयकर विवरणपत्राच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशातल्या मालमत्तेच्या तक्त्यात) तो एक पाउंडाचा शेअरही लिहायचा.