बेसूर असण्याची वर्षं

सोमवार, रात्र

भाचीने आज लॅपटॉपमधून मान वर काढली आणि विचारलं, "मावशी, आजी बेसूर आहे का गं?"

दुपारी तिने आईला दोन मिनिटं गायला बसवलं होतं. मोबाइलवरचा तानपुरा काळी तीनला, म्हणजे पेटीच्या तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून, लावला आणि आईने डोळे मिटून भूप रागातला गंधार, म्हणजे ग, आळवला. आई पूर्वी काळी चारमध्ये गायची. वयाबरोबर आवाज खाली आलाय, दमही कमी पडतो, पण सा लागला की खोली अजून शांत होते. भाचीला या आवाजाभोवती तिचा एक ट्रॅक बांधायचा आहे. तिच्या सॉफ्टवेअरने त्या गाण्याचा आलेख काढून दाखवला. मागे आडव्या पट्ट्या, एकेक पट्टी म्हणजे पेटीचा एकेक स्वर, आणि त्यांच्यावरून वळणं घेत जाणारी आईच्या आवाजाची रेघ. सा पट्टीच्या अगदी मधोमध. प जवळजवळ मधोमध. ग मात्र दर वेळी थोडा खाली.

"किती वेळा आलाय ग?"

तिने मोजले. अकरा.

"आणि अकराही वेळा जवळपास तेवढाच खाली. मग तो चुकून कसा लागेल?"

यावर ती गप्प झाली आणि मला बोलायला मोकळं रान मिळालं. पेटी किंवा कीबोर्ड सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. एका भागाला शंभर सेंट म्हणतात, म्हणजे सा पासून शुद्ध गंधार ४०० सेंटांवर. पण तानपुऱ्याची तार छेडली की तिच्यातून, कुणी न लावता, एक गंधार उमटतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपट कंपनांचा तो स्वर. एका सप्तकात आणून मोजला तर ३८६ सेंटांवर बसतो. चौदा सेंटांचा फरक. आईने लहानपणापासून तानपुऱ्याशेजारी बसून हा गंधार ऐकला आहे. तिचा गळा तिथेच जाऊन थांबतो.

भाचीने एक बटण दाबलं. रेघ टुणकन पट्टीच्या मधोमध जाऊन बसली. तिने ते आईला ऐकवलं. आईने दोनदा ऐकलं.

"आवाज माझा आहे. हा ग माझा नाही. पेटीचा आहे."

तिला कुणीही काहीच सांगितलं नव्हतं. आम्ही शेजारच्या खोलीत बोलत होतो.

मंगळवार

झोप नीट लागली नाही. पेटीचा विचार करत होते.

ज्या वाद्याशिवाय आज आपल्याला मैफल सुनी वाटते, ते पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ मध्ये पेटंट घेतलेल्या हार्मोनियमचं वंशज. पेटीला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, येत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक फरक, येत नाहीत. म्हणून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. ज्यांनी बंदी मागितली त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पेटीचा गंधार खरोखरच वर आहे. तरीही गाणं संपलं नाही. गाणारे पेटी घेऊन बसले आणि गळ्यातून आपलाच गंधार लावत राहिले, वाजवणारे त्या स्वराच्या आजूबाजूला जपून वाजवायला शिकले. आई स्वतः पेटीच्या साथीने शिकली. तिच्या कानाला दोन्ही गंधार वेगळे ओळखू येतात, आणि दोन्हींवर तिचं प्रेम आहे.

म्हणून यंत्र आलं की गाणं मेलं, असं मला सहजासहजी म्हणवत नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान ध्वनिमुद्रणाला उभ्या राहिल्या तेव्हा तबकडी जेमतेम तीन मिनिटांची होती. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत कसा मांडायचा? त्यांनी मांडून दाखवला आणि शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या आणि तिथल्या कारागिरांना कोण गातंय हे कळायला हवं होतं. त्या काळी पुष्कळ गवयांनी त्या भोंग्यासमोर गायला नकार दिला. आज त्यांचे आवाज आपल्याकडे नाहीत. नकार देणाऱ्यांचा मला राग येत नाही. फक्त हळहळ वाटते.

भाची ज्या हिप-हॉप संगीतात वाढते आहे त्याचं मूळही असंच कुणाच्या तरी हातातल्या यंत्राशी झटण्यात आहे. १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाचा तरुण एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन टर्नटेबलांवर ठेवून त्यातला फक्त ड्रमचा तुकडा लांबवायला लागला. एक संपत आली की दुसरी मागे फिरवायची. हे बोटांत बसेपर्यंत किती तास गेले असतील! पुढे १९८० मध्ये एक जपानी ड्रम मशीन आलं, रोलँड टीआर-८०८. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून ते फार खपलं नाही आणि तीन वर्षांत बंदही झालं. मग जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं, आणि ज्यांना नवं वाद्य परवडत नव्हतं अशा पोरांच्या हातात पडलं. त्याचा तो खोल, लांबत जाणारा बास ड्रम आज जगभर ऐकू येतो. वाजवणाऱ्यांना ते 'बरोबर' कसं वाजवायचं हे कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते आपल्या मनाने वाजवलं.

हे मी भाचीला सांगितलं तर म्हणाली, "मावशी, हे मला माहीत आहे." अर्थातच. तिचं घराणं आहे ते.

गुरुवार

आज मन खट्टू आहे.

भाचीच्या मैत्रिणीने चार ओळी टाइप केल्या, "आजीच्या अंगाईसारखं, शांत, बाईचा आवाज", आणि मिनिटाभरात यंत्राने पुरं गाणं हातात ठेवलं. मुखडा, अंतरा, मागे बासरी. भाचीने ते आईला ऐकवलं.

आईने शेवटपर्यंत ऐकलं. ती कुणाचंही गाणं मध्ये तोडत नाही. मग म्हणाली, "छान आहे. कोण गातंय?"

दोघी मुली एकमेकींकडे बघत राहिल्या.

"बरं, तिला म्हणावं तो दुसरा अंतरा परत घे. 'नीज' वर जी जागा घेतली ना, ती अजून थोडी सावकाश."

त्यांनी पुन्हा टाइप केलं. दुसरंच गाणं आलं. चाल वेगळी, आवाज वेगळा, ती जागा, तो सुरांचा वळसा, कुठेच नाही. आई थोडा वेळ वाट बघत बसली आणि मग उठली.

मला त्या क्षणी जे वाटलं ते नीट लिहून ठेवायला हवं. गाणं वाईट नव्हतं. पण आईने आयुष्यभर ज्याला गाणं म्हटलं त्यात "परत घे" हा अर्धा भाग आहे. कुणीतरी समोर बसलंय, त्याने जागा घेतली, तुम्ही ती मागता, तो ती पुन्हा देतो, आधीपेक्षा थोडी वेगळी, पण तीच. उद्या अशी यंत्रं सुधारतील, जागाही लक्षात ठेवतील. तरी समोर कोण आहे हा आईचा प्रश्न उरतोच.

आणि देण्याघेण्याचाही प्रश्न आहे. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या बँडचा ड्रमर ग्रेगरी कोलमन याने एका गाण्यात सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा वाजवला. ते सहा-सात सेकंद पुढे हजारो गाण्यांत कापून वापरले गेले, संगीताचे अख्खे प्रकार त्यांच्यावर उभे राहिले. कोलमनला त्याबद्दल मानधन मिळालं नाही. तो २००६ मध्ये हलाखीत गेला. तेव्हा निदान तुकडा कुणाचा हे शोधता येत होतं. आता असंख्य गळे ऐकून शिकलेल्या यंत्राच्या आवाजात कुणाचा किती वाटा, हे कसं सांगायचं? २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राकडून नक्कल करण्याला अंतरिम आदेशाने मनाई केली, ते योग्यच झालं. पण ते नावाजलेले आहेत, न्यायालयापर्यंत पोहोचू शकतात. ज्यांचं नाव तबकडीवरही कधी आलं नाही, त्यांच्या वतीने कोण जाणार?

शनिवार, पहाटे

मला नेमकी कशाची भीती वाटते, ते आज उमगलं.

१९०६ मध्ये अमेरिकेतले प्रसिद्ध बँडप्रमुख जॉन फिलिप सूझा यांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगितलं होतं की ग्रामोफोनसारख्या बोलक्या यंत्रांमुळे लोक स्वतः गाणं सोडून देतील, आणि माणसाचं शेपूट गळून पडलं तशा स्वरतंतूही उरणार नाहीत. तेव्हा लोक हसले असतील. पण त्यांचा धसका गायकांसाठी नव्हता. तो घरी, अंगणात, संध्याकाळी एकत्र बसून वेडंवाकडं गाणाऱ्यांसाठी होता. माझाही तसाच आहे. थोर गायक होत राहतील. मला काळजी आहे ती वाईट गाणाऱ्यांची.

मी स्वतः नऊ वर्षं गाणं शिकले. बेसूर होते. पट्टी सुटायची, सम चुकायची, तान पायरी हुकल्यासारखी कोसळायची. पंधराव्या वर्षी एका स्पर्धेत परीक्षकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हिला गळा नाही, उगाच वेळ घालवू नये. त्यानंतर मी कुणापुढे गायले नाही. बरीच वर्षं मला ती नऊ वर्षं वाया गेली असं वाटायचं. परवा भाचीच्या पडद्यावर तो अकरा वेळा खाली आलेला ग बघितला आणि मला लगेच कळलं की तो खाली नाही, तो जागेवर आहे. हे मला कुठून कळलं? त्याच नऊ वर्षांतून. ग लावायचा प्रयत्न करून हजारदा चुकल्याशिवाय तो कुठे असतो हे कानाला कळत नाही. त्या वर्षांनी मला गायिका केलं नाही. ऐकणारी केलं.

मिनिटात गाणं देणारं यंत्र नेमकी हीच वर्षं पुसून टाकतं. चुकण्याची, लाजण्याची, घरच्यांनी सहन करण्याची. ती नसतील तर पुढच्या पिढीत गाणारे थोडेफार होतील, पण "तो अंतरा परत घे" असं मागणारं कोण उरेल? आणि मागणारं कुणी नसेल तर देणाऱ्याने तरी कुठली जागा जपायची?

ध्वनिमुद्रण आहे की, असं कुणी म्हणेल. आहे, आणि त्याचं मोल मी जाणते. १८९० मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वॉडी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर उतरवली गेली. पुढे ती खोक्यांमध्ये पडून राहिली आणि त्या समाजात ती भाषा बोलणारेच कमी होत गेले. अलीकडे त्या खरखरीतून आवाज शक्य तेवढा स्वच्छ करून गाणी त्या लोकांना परत देण्यात आली, आणि त्यांनी ती पुन्हा म्हणायला घेतली. मेणाने सव्वाशे वर्षं आवाज सांभाळला. पण गाणं परत आलं ते कुणीतरी कान लावून, अडखळत, एकेक शब्द ओळखून म्हणायला लागलं तेव्हा. पहिल्या दिवशी त्यांनाही ते नीट जमलं नसणार.

व्हॉयेजर यानांवर १९७७ मध्ये पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. त्यातलं व्हॉयेजर-१ उडालं त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. तो आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशातही जपला जातोय याचा मला फार आनंद होतो. तरी मनात येतं की तो तिथे कुणी ऐकलाच, तर त्याला "परत घ्या" म्हणावंसं वाटेल का.

शनिवार, रात्र

दुपारभर खोलीचं दार बंद होतं. संध्याकाळी भाचीने आम्हा दोघींना आत बोलावलं.

तिने आईचा आवाज सरळ केलेला नव्हता. उलट सिंथवरचा, म्हणजे सिंथेसायझरवरचा, गंधार चौदा सेंट खाली आणला होता. स्वरांची जुळणी बदलायची सोय तिच्या सॉफ्टवेअरमध्ये असते म्हणे. खालून ८०८ चा तो जुना बास, मंद, आणि वर आईचा भूप. सिंथचा ग आणि आईचा ग एकमेकांत मिसळले तेव्हा आईने मान हलवली. दाद देताना ती नेहमी मान हलवते तशी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

"अजून थोडं रेकॉर्ड करू या, आजी?"

आई गायली. भाचीचे डोळे पडद्यावर. या वेळी वरून खाली येताना ग किंचित वेगळ्या ठिकाणी लागला. भाची वहीत लिहायला लागली, "सोळा…"

"आकडे काय लिहितेस," आई म्हणाली. "म्हणून बघ."

"मी? मला नाही येत गं."

"म्हण."

तिने लॅपटॉप मिटला. तानपुरा चालूच होता. सा बरा लागला. ग लावला तर पार खाली.

"वर."

पुन्हा.

"आता जास्त वर गेला. परत घे."