शंभर कोटी मिलिसेकंद आणि एक बाइट

डेअरीतल्या दूध थंड करायच्या टाकीवर आमचा कंट्रोलर बसवलेला, दूध ४ अंशांच्या आसपास ठेवायचं आणि तापमान चढलं की भोंगा वाजवायचा एवढंच त्याचं काम. एका रात्री तापमान चढलं पण भोंगा वाजलाच नाही, टेक्निशियन राउंडला होता म्हणून दूध वाचलं. सकाळी त्याचा फोन, "साहेब, मेनूत अलार्म ऑन केला की लगेच ऑफ होतोय, मेन स्विच बंद-चालू केला की सगळं ओके."

आमच्याकडचा कंट्रोलरचा बोर्ड रोज संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे तिथं असलं काही कधी दिसलंच नव्हतं. शेवटची लाइट कधी गेलेली विचारलं तर रजिस्टर बघून म्हणाला, बारा दिवस झाले.

मग कोड उघडला. बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटच्या काउंटरमध्ये, आणि दर सेकंदाला आयटोआनं (itoa, आकड्याचा मजकूर करणारं फंक्शन) त्याची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, करून लॉगला टाकायची. ती स्ट्रिंग ठेवायची जागा, म्हणजे बफर, १० बाइटचा. ९ आकडे अधिक शेवटचा नल (स्ट्रिंग इथं संपली हे सांगणारा बाइट), बरोब्बर बसतं. पण शंभर कोटी हा १० आकडी नंबर, मग नल जातो अकराव्या जागी, आणि शंभर कोटी मिलिसेकंद म्हणजे ११ दिवस १३ तास ४६ मिनिटं ४० सेकंद! लिंकरची मॅप फाइल (मेमरीत काय कुठं बसलंय त्याची यादी) बघितली तर बफरला लागून पुढचाच बाइट अलार्म चालू आहे की बंद ते ठेवणारा. नल म्हणजे शून्य, शून्य म्हणजे बंद, आणि हे दर सेकंदाला, त्यामुळे तो बिचारा मेनूत कितीही ऑन करू दे.

बारा दिवस कोण थांबणार, काउंटर ९९९९९५००० पासून सुरू केला, पाच सेकंदांत अलार्म ऑफ झाला.

आयटोआ मुळात सी या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्डमध्ये नाही आणि बफर केवढा आहे हे त्याला सांगायची सोयही नाही, जिथं कुणाचा माल किंवा जीव अवलंबून आहे तिथं ते वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. C99 पासून, म्हणजे सी च्या १९९९ च्या स्टँडर्डपासून, त्याच कामाला एसएनप्रिंटएफ (snprintf) आहे की, साइज द्या, ते बाहेर लिहीत नाही, आणि पूर्ण स्ट्रिंगला किती कॅरेक्टर लागले असते तेही परत देतं, तो आकडा तपासायचा मात्र. बफर १२ चा केला, कारण ३२ बिटमध्ये सगळ्यात लांब -२१४७४८३६४८, मायनस धरून ११ आणि नल.

त्याच दुपारी नवं फर्मवेअर (कंट्रोलरमधला प्रोग्राम) घेऊन डेअरीत गेलो, सेन्सर कोमट पाण्यात बुडवला, भोंगा वाजला. बाकीच्या साइटना तोवर फोन करून रोज एकदा मेन स्विच बंद-चालू करायला सांगितलं होतं.