भाव नसलेला मेसेज

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका आडतवाल्याची पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेतली साइट सध्या माझ्याकडं आहे. कोड आधीच्या कुणाचा तरी. पेजवर सगळं ठीक दिसायचं, पण संध्याकाळी क्रॉनमधून (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) शेतकऱ्यांना मेसेज जायचा तो असा: ‘आज सोयाबीन रु. प्रति क्विंटल’. आकडाच गायब! आडतवाले वैतागलेले, “अहो सर, लोक मला फोन करायलेत, भाव कुठंय म्हणून!”

भावाची फाइल जोडली होती ती अशी: इन्क्लूड '../जोड/भाव.पीएचपी'. दोन टिंबं म्हणजे एक फोल्डर वर. सुरुवातीला अशी टिंबं असली की ती ओळ कुठल्या फाइलीत लिहिलीय हे पीएचपी बघतच नाही. स्क्रिप्ट चालू होताना चालू फोल्डर कुठला, तिथून मोजतं. ब्राउझरमधून आलं की तो फोल्डर पेजचाच असतो, म्हणून जमून जातं. क्रॉन सुरू होतो होम फोल्डरातून. आमच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात. तिथं ‘डावीकडचा दुसरा’ एवढं सांगून भागत नाही, आलात कुठल्या रस्त्यानं ते आधी सांगावं लागतं.

बरं, फाइल सापडली नाही तरी इन्क्लूड नुसती वॉर्निंग देऊन पुढं जातं. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींत, त्या वॉर्निंगचा ढीग होता. लॉग उघडतंय कोण? त्याजागी फाइल जोडायची दुसरी आज्ञा, रिक्वायर, असती तर काम तिथंच थांबलं असतं आणि मेसेज गेलाच नसता. फुटरला, म्हणजे पानाच्या तळाच्या भागाला, इन्क्लूड चालेल. भावाला, डेटाबेसला रिक्वायरच.

ओळ आता अशी आहे: रिक्वायर __डीआयआर__ . '/../जोड/भाव.पीएचपी'. __डीआयआर__ म्हणजे ती ओळ ज्या फाइलीत आहे तिचा फोल्डर. ही सोय पीएचपी 5.3 पासूनची, म्हणजे 2009 ची. तरी लोक टिंबंच मोजत बसतात.

नुसतं नाव लिहिणं त्याहून फसवं. हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या वरच्या भागाच्या फाइलीत, होतं इन्क्लूड 'मेन्यू.पीएचपी'. पीएचपी आधी इन्क्लूड पाथमध्ये (सेटिंगमधल्या फोल्डरांच्या यादीत) शोधतं, म्हणजे बहुतेक वेळा चालू फोल्डरात, आणि मग हेडरच्या शेजारी. भावाच्या फोल्डरात त्याच नावाची जुनी फाइल पडून होती. त्यामुळं सगळ्या साइटवर नवा मेन्यू आणि भावाच्या पानावर तेवढा जुना! फाइल उडवली, तिथंही __डीआयआर__ लावलं.

लॉगिनला ‘हेडर्स आधीच गेले’ अशी ओरड येत होती (हे हेडर्स म्हणजे पानाच्या मजकुराआधी ब्राउझरला जाणारी माहिती), ती जोडलेल्या एका फाइलीत पीएचपी संपवणाऱ्या बंद टॅगनंतर राहिलेल्या रिकाम्या ओळींमुळं. फाइलीत फक्त पीएचपीच असेल तर तो टॅग लागतच नाही. काढून टाकला.