पगारातले दोनशे रुपये आणि तारखेची पोच

माझ्या भाच्याला गेल्या वर्षी हिंजवडीत नोकरी लागली. पहिल्या पगाराची स्लिप त्याने मला मोबाइलवर पाठवली आणि लगेच फोन केला. "मावशी, हे पीटी म्हणून दोनशे रुपये कापलेत, ते कशाचे?"

मला फार बरं वाटलं. चौतीस वर्षं मी विधानमंडळ सचिवालयात नोकरी केली, त्यातली बरीच समिती शाखेत. तेवढ्या काळात घरच्या, दारच्या कुणी मला हा प्रश्न विचारला नव्हता. त्याला म्हटलं, रविवारी जेवायला ये, नीट सांगते. तो आला, जेवला आणि दोन तास ऐकत बसला. त्या दिवशी जे बोलले ते इथे लिहून ठेवते आहे.

पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, व्यवसाय कर. महिना दहा हजारांवर पगार असला की दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने घातलेली कमाल मर्यादाच तेवढी आहे. बायकांना २०२३ पासून महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर लागत नाही. नोकरदार भरतो, तसाच दुकानदार, वकील, डॉक्टर, कंपनी असे सगळेच भरतात. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो एका ठरावीक कामासाठी. खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम देण्यासाठी शहरातल्या कमावत्या माणसाने थोडे पैसे द्यायचे आणि तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. रोजगार हमी योजनेचा निधी असा उभा राहिला.

"म्हणजे माझे दोनशे रुपये आजीच्या कामाला?" भाच्याने विचारलं. त्याची आजी म्हणजे माझी आई. नातं त्याने बरोबर ओळखलं.

आम्ही माणदेशातले, म्हसवडच्या बाजूचे. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. घरची चार एकर मुरमाड जमीन होती, पण सलग पिकं गेल्याने तिच्यात कुसळंसुद्धा उगवली नव्हती. आई दुष्काळी कामावर जायची. आधी खडी फोडायला, मग पाझर तलावाच्या मातीकामावर. धाकटी बहीण बाभळीला बांधलेल्या झोळीत असायची आणि झोका द्यायला मी. दुपारी सुकडी मिळायची. घरी रेशनच्या लाल मिलोची भाकरी, तोंडात फिरायची पण गिळायला नको वाटायची. मोजणीच्या दिवशी मुकादम टेप घेऊन चौकडीत उतरला की सगळ्या बायका काठावर गप्प उभ्या राहायच्या. त्याने किती ब्रास धरले यावर आठवडा ठरायचा. एकदा आईचे दोन दिवस मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, चढलेच नाहीत. तिने विचारलं, तर तो म्हणाला, "तू आली होतीस याला पुरावा काय?" आईकडे फोड आलेले हात होते. कागद नव्हता. हे वाक्य मी पुढे चाळीस वर्षं बरोबर घेऊन फिरले.

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसं अशा कामांवर होती. पण ती दुष्काळी कामं होती, पाऊस पडला की बंद होणारी. दुष्काळ असो नसो, काम मागणाऱ्याला काम मिळालंच पाहिजे, हा विचार वेगळा. तो मांडला वि. स. पागे यांनी. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे पागे १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. मंत्रिपद नाही, खातं नाही, हाताशी निधी नाही. सभापतीच्या खुर्चीत बसून त्यांनी १९६५ मध्ये आपल्याच तालुक्यात आधी प्रयोग करून पाहिला, मग वसंतराव नाईकांच्या सरकारला तो राज्यासाठी घ्यायला लावला. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्या दिवसापासून काम हा मेहेरबानीचा विषय राहिला नाही, मजुराचा हक्क झाला. पदाचा अधिकार नसलेला लोकप्रतिनिधी केवळ चिकाटीने काय करू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला आपल्या राज्यात दिसत नाही.

कायदा झाला की त्याच्यावर नजर ठेवणारं कुणीतरी लागतं. त्यासाठी विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहे. दोन्ही सभागृहांतले, सगळ्या पक्षांचे आमदार तिच्यात असतात. टीव्हीवर दिसतं ते सभागृह. समितीची बैठक बंद दाराआड असते. तिथे कॅमेरा नाही, पत्रकार नाहीत आणि गॅलरीही नाही. सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे दोन सदस्य समितीत एकाच फाइलीवर डोकं घालून बसलेले मी कितीदा पाहिले आहेत. आमच्या शाखेचं काम म्हणजे विभागाला प्रश्नावली पाठवणं, आलेली उत्तरं लावून ठेवणं, सचिवांच्या साक्षीची तयारी करणं, दौरे आखणं आणि शेवटी अहवालाचा मसुदा. अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत साक्षीतला एक शब्दही बाहेर सांगायचा नाही, तो विशेषाधिकाराचा भंग होतो. म्हणून मीही इथे लिहिते आहे ते एक तर उघड्यावर घडलेलं, नाहीतर अहवाल मांडून झाल्यानंतरचं.

आता या समितीतल्या एका आमदारांबद्दल. पहिल्यांदाच निवडून आलेले, विरोधी बाकावरचे. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. समितीवर नेमणूक झाल्यावर सदस्य बहुधा दौऱ्याच्या तारखा विचारतात. यांनी मागितले आधीच्या पाच वर्षांचे अहवाल. मी दिले. आठवड्याने परत आणून दिले तेव्हा प्रत्येकात कागदाच्या पट्ट्या खोचलेल्या होत्या. म्हणाले, "ताई, एकच शिफारस तीनदा आलीय. विभाग दर वेळी 'सूचना देण्यात आल्या आहेत' म्हणतो. सूचना कुणी वाचली हे कुठे कळतं?"

२०१३ चा फेब्रुवारी. मराठवाडा पुन्हा कोरडा पडला होता, टँकर सुरू होते. समितीचा तीन दिवसांचा दौरा होता. दौऱ्याचा कार्यक्रम छापील असतो: विश्रामगृह, जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक, मग गाड्यांचा ताफा. दाखवायची कामं आधीच ठरलेली. सिंचन विहीर, फळबाग, रोपवाटिका. वाटेवरचे दगड चुन्याने रंगवलेले, कामाचा फलक ताजा, रंगाचा वास येणारा. मी अधिकाऱ्यांना दोष देत नाही. पाहुणे येणार म्हणून आपणही अंगण सारवतो. पण सारवलेल्या अंगणावरून घरात धान्य आहे की नाही ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गावात आमदार म्हणाले, "विहीर नंतर बघू. ग्रामपंचायतीचं दप्तर उघडा." केंद्राच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यानुसार (मनरेगा) मजुराने नमुना ४ भरून काम मागायचं, त्याला तारीख घातलेली पोच द्यायची. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेरोजगार भत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा आणि पुढे निदान निम्मा. सगळा कायदा त्या एका पोचेवर उभा होता. पोच नाही तर तारीख नाही, आणि तारीख नसली की १५ दिवस मोजायचे कुठून?

कपाटातून पावतीपुस्तक निघालं. ते मी हातात घेऊन पाहिलं. पुठ्ठा कोरा करकरीत, कार्बन अजून चकचकीत निळा, एकही पान फाडलेलं नाही. तालुक्याच्या माहितीत त्या गावापुढे लिहिलं होतं, "मागणी निरंक." म्हणजे शून्य. आणि बाहेर ओट्यावर, समिती येणार म्हणून जमलेल्या चाळीसेक बाया बसल्या होत्या.

आमदार बाहेर आले. समिती प्रमुखांसाठी मांडलेली खुर्ची सोडून पायरीवर बसले. पुढच्या बाईला विचारलं, "मावशी, काम मागितलं होतं का?"

"तीनदा मागितलं. म्हणत्यात, मंजूर न्हाई. आलं की सांगू."

"लिहून दिलं होतं?"

"आमाला कुठं येतंय लिवायला?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि त्या बाईचा नमुना ४ स्वतः भरला. नाव, जॉबकार्डाचा नंबर, किती दिवसांचं काम हवं. अंगठा घेतला. ग्रामरोजगार सेवक पोरसवदा होता, घाबरून गेला होता. त्याला जवळ बसवून म्हणाले, "घाबरू नको, तुझ्यावर कारवाई करायला आलेलो नाही. पावती फाड. तारीख घाल." पुस्तकातली पहिली पावती फाटल्याचा आवाज त्या शांततेत मला स्पष्ट ऐकू आला. बाईने ती दुमडून पोलक्यात ठेवली. मग दुसरी आली. मग रांगच लागली. दुसऱ्या पक्षाचे एक ज्येष्ठ सदस्य होते, त्यांनी आपलं पेन काढलं आणि शेजारी बसले. मीही बसले. अंधार पडेपर्यंत ४१ पावत्या झाल्या. त्या दिवसाची विहीर आणि फळबाग दोन्ही राहिली. समिती प्रमुखांनी मात्र एका शब्दाने घाई केली नाही, कार्यक्रमात बदल झाल्याची नोंद करायला मला सांगितलं.

मी एक अर्ज भरत असताना समोरच्या बाईचे हात पाहिले. माझ्या आईचेच हात. आईला त्या वेळी कुणी असा कागद दिला असता तर मुकादमाला ती गप्प करू शकली असती.

या २००५ च्या कायद्यातही एका संसदीय समितीचा मोठा हात आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. डिसेंबर २००४ मध्ये विधेयक लोकसभेत आलं, तेव्हा हमी फक्त गरीब कुटुंबांना होती. विधेयक ग्रामविकासाच्या संसदीय स्थायी समितीकडे गेलं. अध्यक्ष होते कल्याण सिंह, म्हणजे विरोधी पक्षाचे. ही अट काढावी असं समितीने सांगितलं आणि शेवटी कायदा झाला तो अंगमेहनतीचं काम करायला तयार असलेल्या गावातल्या कोणत्याही कुटुंबासाठी. वाचायला एका शब्दाचा फरक. पण आमची चार एकर मुरमाड जमीन आठवा. दारिद्र्यरेषेच्या यादीत चार एकरवाला बसला असता का? आईला कामावरून परत पाठवायला तो एक शब्द पुरला असता. असे शब्द खोडण्याचं काम समितीच्या खोलीत होतं. सभागृहात भाषणं करायला वेळ मिळतो, पण विधेयकाची ओळ न् ओळ वाचायला मिळत नाही. म्हणून विधेयक समितीकडे न पाठवता घाईने मंजूर झालं की मला आजही चैन पडत नाही, मग ते कुठल्याही पक्षाचं सरकार असो.

सगळं चांगलंच चाललं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. बैठकीला निम्मे सदस्य नसायचे असे दिवस मी पाहिले आहेत. अहवाल मांडला गेला आणि त्यावर चर्चाच झाली नाही, असंही अनेकदा. पाझर तलाव मजुरांनी खोदले आणि पाणी मुरलं ते बागायतदारांच्या विहिरीत, हा प्रश्न तर कितीतरी आधी आणि कितीतरी जोराने विचारायला हवा होता. समितीचं हत्यार प्रश्न आहे. सदस्याने तो विचारलाच नाही तर समिती नुसती सहल होते.

त्या दौऱ्यानंतर पंधरा दिवसांच्या आत त्या गावात नाला खोलीकरणाचं काम निघालं. काही आठवड्यांनी तहसील कार्यालयातून तसं पत्र आलं. ते मी आमदारांना दाखवलं, त्यांनी दोनदा वाचलं. त्या शनिवारी गावी गेले तेव्हा आईला सगळं सांगितलं. पायरीवर बसलेले आमदार, पावत्या, पोलक्यात ठेवलेला कागद. तिचं ऐकणं नेहमी हाताने काहीतरी करत असायचं, ती तेव्हा शेंगा फोडत होती. मला वाटलं ती खूश होईल. तिने मान वर केली आणि विचारलं, "आन् पैसं कवा मिळालं?"

मला माहीत नव्हतं. सोमवारी कार्यालयात येऊन चौकशी केली. कायद्याने मजुरी १५ दिवसांत मिळायला हवी होती, उशीर झाला तर भरपाई. त्या ४१ जणींचं पहिलं मस्टर बंद होऊन महिना उलटला होता आणि कुणाच्याच खात्यात काही आलं नव्हतं.

आमदार त्याच आठवड्यात विधान भवनात आले होते. सचिवांच्या साक्षीसाठीची प्रश्नावली टंकलेखनाला जायची होती, आमच्या मसुद्यात पहिला प्रश्न मंजूर निधी आणि खर्चाचा होता, दर वर्षी असतो तसा. मी त्यांना आईने काय विचारलं ते सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, निधीचा प्रश्न खाली न्या." मी मसुदा पुढे ओढला, क्रमांक १ समोरचा मजकूर खोडला आणि त्यांच्यासमोरच लिहिलं: "मस्टर बंद झाल्याच्या तारखेपासून मजुराच्या हातात पैसे किती दिवसांनी पडले, ते गावनिहाय सांगावे."