सात पावलं

कार्तिकीच्या गर्दीत पंढरपुरात कोण कुठला हे कुणी विचारत नाही. म्हणूनच माझ्या वकिलीच्या टेबलाशी आलेली ती दोघं इथे येऊन राहिली होती. दोघांवर वेगवेगळ्या तालुक्यांत फसवणुकीचे गुन्हे. कलम आता न्याय संहितेचं 318(4), पण कोर्टाच्या आवारात सगळे अजून चारशेवीसच म्हणतात. शिक्षा सात वर्षांपर्यंत.

नावगाव सांगत नाही, धंदा सांगतो. शेतकऱ्यांच्या पोरांना मुली मिळेनात, त्यावर जगणारा धंदा. तो मध्यस्थ: स्थळ दाखवायचं, दीड-दोन लाख घ्यायचे, आठवड्यात नवरी पसार. ती दुसऱ्या टोळीची नवरी. गिऱ्हाईक एकच, त्यामुळे हाडवैर. याने ठरवलेलं घर तिच्या माणसांनी पळवायचं, तिच्या मांडवात याने निनावी फोन करायचा. पोलीस मागे लागल्यावर दोन्ही टोळ्या फुटल्या आणि हे दोघं एकाच एसटीत एकमेकांना सापडले म्हणे. पोरांनी म्हशी विकून दिलेले पैसे माझ्या डोक्यातून जात नव्हते, त्यामुळे मला फारसं कौतुक नव्हतं.

मला वाटलं, अटकपूर्व जामिनाचं विचारतील. तो म्हणाला, "लग्न करायचंय. नवरा-बायकूला एकमेकाविरुद्ध साक्ष द्यावी लागत न्हाई ना?"

मी सांगितलं, तसं नाही. लग्नानंतर एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना तेवढं संरक्षण आहे. आधीचं सगळं उघडं.

"तरी करायचंच," ती म्हणाली. "आळंदीला नको. हार घालून लई लग्नं केली, साहेब. हे कागदावर पायजे."

विशेष विवाह कायद्याने तीस दिवस आधी नोटीस लागते आणि ती कार्यालयाच्या फलकावर लावतात, म्हटल्यावर तो हसला. फरारी माणसांनी स्वतःच पत्ता चिकटवायचा! पण खरी अडचण पुढे होती. मी तिला विचारलं, "त्या मांडवांत सप्तपदी झाली होती का?"

तिला प्रश्नच कळेना. समजावलं: जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातव्या पावलाला हिंदू विवाह पूर्ण होतो. फसवून लावलेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. फसलेल्या माणसाने, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत, कोर्टात यायचं. तोवर ती त्याची बायको, आणि दुसरं लग्न केलं तर तो आणखी एक गुन्हा.

ती बोटांवर मोजत आठवू लागली. "बाकी ठिकाणी मंगलाष्टका झाल्या की जेवायला. एका घरी भटजी लई कडक होता. पण पाचच झाली. लाईट गेली."

"सात झाली," तो म्हणाला. "इन्व्हर्टर होता. मी मोजत होतो."

"तू तिथं काय करत हुतास?"

"फोन करायला आलो हुतो. केला न्हाई."

ती त्याच्याकडे बघतच राहिली, मग भडकली. "मोजत बसलास? उठून वरडला असतास तर आज ही पीडा नसती!"

मला हसू आवरेना. पण एक सांगणं भाग होतं: दोघांपैकी कुणीही उद्या माफीचा साक्षीदार होऊ शकतो, म्हणून एकच वकील दोघांना चालणार नाही. तिचं वकीलपत्र मी घेतलं. त्याला शेजारच्या टेबलावर पाठवलं. जाताना त्याने तिच्या फीचे पैसे काढले, तर ती म्हणाली, "ते ठेव. कुठल्या घरचे हायत ते म्हायतीय मला."